यादींतील नांव

पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत, वेळ नदीच्या कांठीं, तळेगांव ढमढेरे हें जुनें गांव वसलेलें आहे. मराठेशाहींतील ढमढेरे सरदारांच्या घराण्याचें नांव या गांवास जोडलें गेलें, आणि त्यामुळेंच मावळांतील तळेगांव दाभाड्यापासून तें निराळें ओळखूं येऊं लागलें. नुसतें 'तळेगांव' म्हटलें तर टपाल कोठें जाईल याचा भरंवसा नाहीं. पुढें 'ढमढेरे' लिहिलें म्हणजे ठिकाण निश्चित होतें. गांवाची जी गोष्ट, तीच गांवांत राहणाऱ्या माणसाची. लोकशाहींत ज्याचें नांव यादींत आहे तो मतदार. ज्याचें नाहीं तो, मग त्याच्या सात पिढ्या त्याच मातींत गेलेल्या असोत, मतदानाच्या दिवशीं परका ठरतो.

घटनेच्या ३२६ व्या कलमानें प्रत्येक प्रौढ नागरिकास मताचा अधिकार दिला आहे. परंतु ज्याचें नांव मतदारांच्या यादींत नाहीं त्यास मत देतां येणार नाहीं, असेंहि कायदा सांगतो. म्हणजे अधिकार घटनेचा खरा; पण तो हातीं पडावयाचा तो यादीच्या द्वारें. ही यादी कोणीं लिहावयाची, आणि लिहिणाऱ्यानें कोणाच्या दारीं जावयाचें, हा प्रश्न वरवर पाहतां कारकुनी वाटतो. वस्तुतः आपल्या देशांतील लोकशाहीचा पुष्कळसा इतिहास या एका प्रश्नांत सांठविलेला आहे.

इंग्रजी अमदानींत ही यादी लहान होती, कारण ती लहानच राहावी अशी योजना होती. १९१९ च्या कायद्यानें प्रांतिक कायदेमंडळांसाठीं मतदार आले, ते जमीनमहसूल, कर, मालमत्ता अशा कसोट्यांवर निवडलेले. १९२१ सालीं मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळानें स्त्रियांवरील बंदी उठविली; पण कसोट्या कायम राहिल्यामुळें जिच्या नांवावर कांहीं मालमत्ता आहे अशी स्त्री शोधूनच काढावी लागे. १९३५ च्या कायद्यानें दार थोडें अधिक उघडलें. तरीहि १९३७ च्या निवडणुकींत साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत मिळून मतदार भरले ते तीन-साडेतीन कोटींच्या आसपास. त्या काळची यादी करणें अवघड नव्हतें. तलाठ्याचें दप्तर उघडलें कीं मतदार सांपडत. ज्यांचें दप्तरांत कांहींच नव्हतें, त्यांच्या दारीं जाण्याचें कारणच पडत नसे.

स्वातंत्र्यानंतर ही रीत मुळापासून बदलली. घटना अजून पुरी व्हावयाची होती, तोंच घटनासमितीच्या सचिवालयानें प्रौढ मताधिकाराच्या पायावर याद्या तयार करण्याचें काम हातीं घेतलें, आणि १९४८ च्या मार्च महिन्यांत प्रांतांना व संस्थानांना तशा सूचना धाडल्या. आतां कसोटी होती ती वयाची व वास्तव्याची. दप्तर पाहून भागणार नव्हतें; घरोघर जाणें प्राप्त होतें. फाळणीनें घर सोडून आलेल्या निर्वासितांना 'तुमचें घर कोणतें' हें विचारणेंहि जेथें क्रूर वाटावें, तेथें त्यांचीं नांवें कशीं नोंदवावयाचीं हा पेंच अधिकाऱ्यांपुढें आला आणि त्यांनीं तो सोडविला. २५ जानेवारी १९५० रोजीं निवडणूक आयोग स्थापन झाला. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. १९५१ च्या ऑक्टोबरापासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत पहिली सार्वत्रिक निवडणूक चालली, तेव्हां यादींत १७ कोटींहून अधिक नांवें होतीं.

या भव्य यादींत एक मोठी पोकळी राहून गेली. घरोघर गेलेल्या नोंदणीकारांना पुष्कळ स्त्रियांनीं आपलें स्वतःचें नांव सांगितलेंच नाहीं. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेंच उत्तर मिळे. उत्तरेकडील प्रांतांत हा प्रकार विशेष होता. सुकुमार सेन यांनीं निर्णय दिला कीं, मतदार म्हणजे स्वतःचें नांव असलेली व्यक्ति. नात्यानें ओळखली जाणारी सावली नव्हे. नांव देण्यास मुदत वाढवून दिली, तरीहि शेवटीं सुमारें २८ लाख स्त्रियांच्या नोंदी वगळाव्या लागल्या. हा निर्णय कठोर होता, पण त्याचा परिणाम पुढच्या निवडणुकांत दिसला. स्त्रिया नांवानिशीं यादींत येऊं लागल्या. त्यांतील एक धडा मात्र कायमचा आहे. दारांत उभा राहणारा नोंदणीकार परका असेल, तर घरांतलें माणूस तोंड उघडत नाहीं. नांव विचारणारा ओळखीचा असला म्हणजे निम्मी अडचण तेथेंच सरते.

पहिली चार दशकें मताचें वय २१ होतें. काहीं राज्यांनीं आपल्या स्थानिक संस्थांसाठीं तें त्यापूर्वींच १८ वर आणलें होतें. १९८८ च्या डिसेंबरांत संसदेनें ६१ वी घटनादुरुस्ती मंजूर केली, आणि २८ मार्च १९८९ पासून १८ वर्षांचा नागरिक मतदार झाला. वरकरणीं तीन वर्षांचा हा फरक. पण त्यानें मताधिकार प्रथमच शाळेच्या उंबऱ्याशीं आणून ठेवला. २१ वर्षांचा तरुण नोकरींत, शेतांत, संसारांत विखुरलेला असतो. तो एके ठिकाणीं सांपडत नाहीं. १७-१८ वर्षांचीं मुलें बारावीच्या वर्गांत एका छपराखालीं बसलेलीं असतात.

तथापि कायद्यांत एक मेख राहिलीच होती. यादीसाठीं वयाची गणना वर्षांतून एकदांच, १ जानेवारीस, होत असे. २ जानेवारीस ज्याचीं १८ वर्षें पुरीं झालीं, त्यास यादींत येण्यासाठीं जवळजवळ पुरें वर्ष थांबावें लागे; आणि त्या वर्षांत निवडणूक झाली तर ती त्याच्या डोळ्यांदेखत निघून जाई. २०२१ च्या कायद्यानें ही अडचण दूर झाली. १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा गणनेस धरल्या जाऊं लागल्या. त्याबरोबरच १७ वर्षें पुरीं झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करण्याची मुभा मिळाली. ज्या तिमाहींत वय पुरें होईल त्या तिमाहींत नांव यादींत चढतें. हा बदल झाल्यावर माध्यमिक शाळेचें व कनिष्ठ महाविद्यालयाचें महत्त्व आपोआप वाढलें. मतदार व्हावयाची तयारी आतां वर्गांत बसूनच करतां येते.

या कामीं विद्यार्थ्यांनाच हाताशीं धरण्याची कल्पना त्यापूर्वींच रुजूं लागली होती. आयोगाचा स्थापनादिन, २५ जानेवारी, हा २०११ पासून राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळला जातो. २०१८ सालीं त्याच दिवशीं शाळा-महाविद्यालयांतून मतदार साक्षरता मंडळें काढण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. नववी ते बारावीचे विद्यार्थी हे त्यांतील भावी मतदार, आणि एखादा शिक्षक त्यांचा मार्गदर्शक. जे शाळेंत नाहींत त्यांच्यासाठीं 'चुनाव पाठशाला' अशी जोडहि त्यास दिलेली आहे. महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांमधूनच मतदारदूत नेमले जातात.

तळेगांव ढमढेऱ्यासारख्या गांवीं हें काम किती उपयोगाचें आहे, तें परिसराकडे पाहिल्यावर ध्यानांत येतें. एकीकडे शेती आणि ऊस. दुसरीकडे शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगांव येथील कारखाने आणि त्यांत कामास आलेले परगांवचे लोक. बारावी झाली कीं कोणी पुण्यास शिकावयास जातो, कोणी कारखान्यांत लागतो, कोणा मुलीचें लग्न होऊन ती सासरीं जाते. एकदां ही पांगापांग झाली म्हणजे प्रत्येकास गांठून अर्ज भरून घेणें मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्यास शक्य होत नाहीं. हा अधिकारी पुष्कळदां प्राथमिक शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतो. आपलें नित्याचें काम संभाळून त्यास घरें फिरावयाचीं असतात. वर्गांतल्याच चारदोन हुशार मुलामुलींनीं आपल्या सोबत्यांना बसवून सहा नंबरचा नमुना भरून घेतला, तर त्याचें ओझें बरेंच हलकें होतें.

शिवाय सोबत्याला जें कळतें तें परक्याला कळत नाहीं. वयाचा पुरावा म्हणून दहावीचें प्रमाणपत्र चालतें, हें त्यास ठाऊक असतें, कारण त्याचेंहि नुकतेंच हातीं आलेलें असतें. मैत्रिणीचें नांव ऱ्हस्व कीं दीर्घ, आडनांव कसें लिहितात, वडिलांचें नांव कोणत्या कागदावर चुकलेलें आहे, हें तिच्या बाकावर बसणारी जाणते. यादींतील एका अक्षराच्या चुकीपायीं मतदानाच्या दिवशीं केवढा खोळंबा होतो, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास या माहितीची किंमत कळेल. गांवच्या दृष्टीनें आणखी एक गोष्ट आहे. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतच्या निवडणुका विधानसभेच्या यादीवरूनच होतात. लोकसभेच्या लाखों मतांत एक मत बुडून गेल्यासारखें वाटेल. ग्रामपंचायतीच्या प्रभागांत चारदोन मतांनीं निकाल फिरतो.

विद्यार्थ्यांनीं मतदार नोंदविण्याची जगांतील सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत दुःखद कथा अमेरिकेची आहे. मिसिसिपी राज्यांत १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत काळ्या प्रौढांपैकीं शंभरांत सातांचीहि नांवें यादींत नव्हतीं. कायदा मत देत होता, पण नोंदणीच्या खोलींत अवघड परीक्षा आणि बाहेर दहशत होती. १९६४ च्या उन्हाळ्यांत सुमारें हजार स्वयंसेवक, बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी, तेथें गेले व घरोघर फिरले. २१ जूनच्या रात्रीं जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन तरुणांचा खून झाला. त्यांतील सर्वांत मोठा २४ वर्षांचा होता. पुढल्याच वर्षीं मताधिकाराचा कायदा झाला, आणि १९७१ मध्यें तेथेंहि मताचें वय १८ वर आलें. तेथें विद्यार्थी सरकारी अधिकाऱ्याच्या अडवणुकीविरुद्ध उभे होते. येथें तेच विद्यार्थी अधिकाऱ्याचे मदतनीस आहेत. हा फरक आपल्या भाग्याचा आहे, आणि म्हणूनच तो गृहीत धरून स्वस्थ बसणें बरें नव्हे.

या योजनेवर आक्षेप घेणारे आहेत, आणि त्यांचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहींत. गांवांतील शाळांच्या चालकांमध्यें पुष्कळ ठिकाणीं राजकारणी मंडळी असतात. विद्यार्थ्यांच्या हातीं अर्ज दिले तर 'आपल्या' घरांचे अर्ज आधीं आणि 'त्यांच्या' घरांचे मागें, असें होणार नाहीं काय? भय खरें आहे. त्यावरचा उपाय कामाची मर्यादा स्पष्ट आखण्याचा आहे. विद्यार्थी अर्ज भरण्यास मदत करील. नांव घालण्याचा वा काढण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याचाच राहील. अर्जांत जाणूनबुजून खोटी माहिती देणें हा १९५० च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि त्यास एक वर्षापर्यंत कैद वा दंड वा दोन्ही होऊं शकतात, हें विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशीं सांगितलें पाहिजे. मत कोणास द्यावें हा शब्द त्या खोलींत निघतां कामा नये. पक्षाचें नांव न काढतां सार्वजनिक काम करतां येतें, हा अनुभव कोवळ्या वयांत मिळाला तर तो नागरिकशास्त्राच्या धड्याहून मोलाचा ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. शाळेंतील मुलांनीं शाळेंतील मुलांची नोंद केली, तर जो शाळेंत कधीं पोंचलाच नाहीं त्याचें काय? ऊसतोडीस गेलेल्या घरचा मुलगा, आठवींतून गळलेली मुलगी, कारखान्याच्या वस्तींत राहणारा परप्रांतीय तरुण, हे बाहेरच राहतील. शिकलेल्यांची नोंद पुरी आणि न शिकलेल्यांची अपुरी, अशी यादी झाली तर १९३७ च्या यादीची सावली पुन्हां पडेल. म्हणून विद्यार्थ्यांचें काम वर्गाच्या भिंतींशीं थांबूं नये. पूर्वीं आपल्याबरोबर बसत असे आणि आतां बसत नाहीं, असा सोबती प्रत्येक वर्गास ठाऊक असतो. त्याचें घर कोणतें हेंहि ठाऊक असतें. सरकारी कागदांत न सांपडणारी ही माहिती फक्त त्या बाकांवरच्या मुलांपाशीं आहे.

आणि ही गोष्ट केवळ खेड्यांची आहे असेंहि कोणीं मानूं नये. २०१९ च्या लोकसभा निवडणुकींत पुणें मतदारसंघांत जेमतेम निम्म्या मतदारांनीं मत दिलें. शहरांतील सुशिक्षित घरांतहि घर बदललें पण नांव जुन्या पेठेंतच राहिलें, सून आली पण तिचें नांव माहेरच्याच यादींत आहे, असें पुष्कळदां आढळतें. १९५२ मध्यें ज्या स्त्रियांचीं नांवें गळलीं त्यांनीं तीं संकोचानें सांगितलीं नव्हतीं. आज गळतात तीं आळसानें. परिणाम मात्र एकच.

घरांतील सतरा वर्षांच्या मुलानें किंवा मुलीनें एखाद्या संध्याकाळीं आईचें, वहिनीचें, कामास येणाऱ्या बाईचें नांव यादींत आहे कीं नाहीं हें पाहिलें, आणि नसल्यास अर्ज भरून दिला, तर त्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार नाहीं. सुकुमार सेन यांच्या नोंदणीकारांना परक्याच्या दारांत उभें राहून जें नांव मिळालें नाहीं, तें घरचें मूल सहज विचारूं शकतें.