दर्यावर सुटलेले काचेचे गोळे

कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काचेचे गोळे गोळा करणारी मंडळी आहेत (कोटी मुद्दाम नाही हो!). गोळे कसले, तर मासेमारीच्या जाळ्याची वरची कड तरंगती ठेवणारे, फुंकून केलेले पोकळ गोळे.

सुरुवात नॉर्वेत झाली, १८४०च्या दशकात. लाकूड आणि बूच पाणी पिऊन जड होतात, हवाबंद काच होत नाही. ही युक्ती रुजवण्याचं श्रेय बर्गनच्या ख्रिस्तोफर फाये या व्यापाऱ्याला देतात. जपानने ती १९१०च्या सुमारास उचलली आणि मग असे गोळे लाखोंनी बनवले.

जपानीत त्यांना 'बिनदामा' म्हणतात. बिन म्हणजे बाटली, तामा म्हणजे गोळा. नाव अगदी सार्थ, कारण साकेच्या रिकाम्या बाटल्या वितळवूनच बरेचसे गोळे बनत. म्हणून बहुतेकांचा रंग हिरवट. काम झटपट उरकायचं, त्यामुळे काचेत बुडबुडे राहायचे. गोळा नळीवरून तोडला की उरलेलं भोक वितळलेल्या काचेचा ठिपका लावून बंद करत, कधी त्यावर कारखान्याचा शिक्का मारत. गडद निळा क्वचित मिळतो आणि लाल तर फारच दुर्मिळ. जी काच पांढरी दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालतात, ती वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळट होते.

गंमत म्हणजे काही बंद गोळ्यांत पाणी सापडतं! जाळं खोल गेलं की दाबामुळे बारीक फटींतून पाणी आत शिरतं आणि आतच अडकतं.

जाळ्यापासून सुटलेले गोळे प्रवाहाबरोबर पॅसिफिक ओलांडून अलास्का, वॉशिंग्टन, ओरेगनला लागत. एमॉस वुड यांनी १९६७ साली या छंदावर पुस्तकच लिहिलं. पुढे अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक आलं, तसे नवे काचेचे गोळे समुद्रात जाणं जवळपास थांबलं. आता ओरेगनच्या लिंकन सिटीत काच कलाकारांनी बनवलेले रंगीत गोळे किनाऱ्यावर मुद्दाम लपवून ठेवतात. सापडला त्याचा झाला!

छान आहे, पण मला राहून राहून तो कोळी आठवतो. कपाटात दिव्याखाली मांडलेल्या जुन्या गोळ्यामागे कुणाचं तरी तुटलेलं जाळं असतं, बुडालेली दिवसाची कमाई असते. ती कुठल्याच शिक्क्यावर कोरलेली नाही. आणि आज त्याच प्रवाहांवरून प्लॅस्टिकचे गोळे वाहत येतात, त्यांना आपण कचरा म्हणतो. साकेची रिकामी बाटलीही एकेकाळी कचराच होती की! फरक एवढाच, की तिला पुन्हा भट्टीत घालून कुणीतरी तिच्यात आपला श्वास फुंकला होता. प्लॅस्टिकच्या नशिबी ते नाही.

असो. तुमच्या घरी आहे का अशी एखादी वस्तू, कामासाठी बनलेली आणि आता नुसती शोभेला उरलेली? जरूर कळवा.