मापाचा दोरा

हिरव्या पाटीखालून जाताना तुमची पावलं उगाच मंदावतात. बॅगेत चॉकलेटं, खजुराचा डबा, भाच्यासाठी घेतलेलं एक घड्याळ. सगळं नियमात बसणारं. तरी पांढऱ्या गणवेशातल्या त्या माणसाकडे बघावं की नाही, हे ठरत नाही. बघितलं तर संशय, नाही बघितलं तर जास्त संशय. मुंबई विमानतळाचं टर्मिनल दोन, पहाटेची वेळ, चकचकीत फरशी. तुम्ही खाली बघता. फरशी ओली आहे. फिनेलचा वास येतो.

वर बघता, तर हे सहार आहे, साल १९८४, जून महिना. टर्मिनल उघडून जेमतेम तीन वर्षं झालीत. रात्रीचे अडीच. आखातातली विमानं अशाच अवेळी उतरतात. तुमच्या अंगात नवा सफारी आहे, घामानं पाठीला चिकटलेला. हातांच्या मागच्या बाजूला वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक काळे डाग. हे हात तुमचे नव्हेत, पण आज रात्रीपुरते तेच वापरायचे आहेत. पुढच्या ट्रॉलीवर एक भला मोठा खोका आहे, निळ्या नायलॉनच्या दोरीनं आवळलेला. त्यावर मार्करनं नाव, गाव, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी. खोका हरवला तर सापडावा म्हणून. दुबईत दोन वर्षं काढून तुम्ही घरी निघालात.

रांग हलत नाही. रांगेत सगळेच एकमेकांना सल्ले देतात. घड्याळ खोक्यात ठेवू नकोस, मनगटावर बांध. टेपरेकॉर्डर नवा दिसता कामा नये, म्हणून त्याच्यावर दोन ओरखडे पाड. तुमच्या टू-इन-वनवर ओरखडे खरेच आहेत. दोन वर्षं खोलीतली सहा माणसं त्याच्यावर गाणी ऐकत होती. मागचे म्हातारे चाचा म्हणतात, आम्ही ‘द्वारका’ बोटीनं यायचो, डेकवर झोपून. दोन वर्षांपूर्वी बोट बंद झाली. बोटीवर निदान घाई नसायची हो, कस्टमवालाही दमलेला नि आपणही दमलेले.

पुढचा माणूस मल्याळी आहे. कोझिकोडला अजून विमानतळ नाही, म्हणून त्याला मुंबईत उतरायचं आणि पुढे आगगाडीचा लांबचा पल्ला गाठायचा. त्याच्याकडे व्हीसीआर आहे. कस्टमचा साहेब कराचा आकडा सांगतो, आणि तो आकडा ऐकून त्याला आधी वाटतं आपलं हिंदी कच्चं आहे. वस्तूच्या किमतीपेक्षा कर जास्त. त्याला दोन वाटा आहेत: पैसे भर, किंवा यंत्र इथंच ताब्यात देऊन पावती घे आणि परत जाताना घेऊन जा. तो पावती घेतो. ती घडी घालून पासपोर्टात ठेवतो. घरच्यांना तो ती पावती दाखवेल बहुतेक, व्हीसीआर खरंच घेतला होता याचा पुरावा म्हणून.

“क्या लाया है?”

तुमची पाळी. दोरी कापली जाते. सोडवत बसायला वेळ कुणाकडे आहे! मग दोन वर्षं त्या लांब टेबलावर पसरतात: चार जपानी साड्या, टँगची बाटली, निडोचा डबा, टायगर बाम, सेंटच्या बाटल्या, तीन सेलची बॅटरी, एक जाड ब्लँकेट (कोकणात, जूनमध्ये!). निडोच्या पावडरीत सळई खुपसली जाते. बॅटरीतले सेल काढून हातावर तोलले जातात. टू-इन-वनचं मागचं झाकण उघडतं.

साहेब पासपोर्टातलं गाव वाचतो आणि भाषा बदलतो. “मराठी आहेस होय. मग खरं सांग, बिस्किटं आहेत?”

बिस्कीट म्हणजे दहा तोळ्यांचं सोनं, ११६.६४ ग्रॅम, काडेपेटीहून लहान. दुबईचा भाव आणि झवेरी बाजारातला भाव यांत जी दरी आहे, तिच्यावर कितीतरी संसार चालतात आणि कितीतरी मोडतात. १९६८च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं साध्या माणसाला दागिना बाळगता येतो, बिस्कीट नाही. साहेब उगाच विचारत नाही. बिस्किटं चपलेच्या तळव्यात आणि रेडिओच्या पोटात सापडतात, हे त्याला पाठ आहे. आखातातून येणारा प्रत्येक वेल्डर त्याला अर्धा वेल्डर आणि अर्धा डबा दिसतो.

“नाही साहेब.”

मग पाकीट. पाकिटात देवाचा फोटो, थोडे दिर्‍हम, आणि एक दोरा. हळदीनं पिवळा पडलेला, दोन टोकांना गाठ मारलेला.

“हे काय?”

“माप आहे साहेब. बायकोच्या बांगडीचं.”

निघायच्या आदल्या रात्री तिनं अंगठा तळव्यात दुमडला होता आणि हाताच्या सगळ्यात रुंद जागेवरून तो दोरा घेतला होता. साहेब दोरा दोन बोटांत धरून उजेडात बघतो.

“सोन्याच्या बांगड्या?”

“हो.”

“मग कुठायत?”

“घेतल्या नाहीत.”

दोन वर्षं दुबईत, खिशात माप, आणि बांगड्या नाहीत. तुम्ही स्वतःला साहेबाच्या जागी ठेवून बघा, तुमचाही विश्वास बसणार नाही. एजंटचं कर्ज फेडण्यात पहिलं वर्ष गेलं, दुसऱ्यात बहिणीचं लग्न झालं, हे सगळं त्या टेबलापाशी सांगायला लांबलचक होतं. “बाजूला ये.”

फळ्यांच्या आडोशामागे बूट उतरतात, पट्टा निघतो. सफारीच्या कॉलरवरून बोटं फिरतात. सीमाशुल्क कायदा १९६२, कलम १०२: झडतीआधी मला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्या, असं मागायचा हक्क तुम्हाला आहे. हे तुम्हाला माहीत आहे, ज्याचे हात वापरताय त्याला नाही. त्याची जीभ काही वळत नाही. ‘मॅजिस्ट्रेटसमोरच झडती देईन’ असं म्हणणारा वेल्डर १९८४ साली सहारला उभा असलाच, तर मला त्याला भेटायला आवडेल. त्याच कायद्याचं कलम १२३ सांगतं की पकडलेलं सोनं चोरटं नाही, हे ज्याच्याकडे सापडलं त्यानंच सिद्ध करायचं. आणि सोनं नसेलच तर? त्यासाठी कलम नाही.

हात वर करून उभं असताना तुम्हाला पुढचं दिसतं. सहा वर्षांनी, १९९०ला, सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द होईल. १९९२ला परदेशातून परतणाऱ्याला परकी चलनात कर भरून पाच किलोपर्यंत सोनं उघड आणता येईल. पाच किलो! ज्या सोन्यापोटी आत्ता कॉलरमध्ये बोटं फिरताहेत, त्याच सोन्यासाठी आठ वर्षांनी तराजू येईल आणि पावती फाडून मिळेल. २०१६च्या नियमावलीत वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या पुरुषाला दागिन्यांत वीस ग्रॅम माफ, बाईला चाळीस. पण पुरुषाला किंमत पन्नास हजारांच्या आत. त्या पन्नास हजारांत वीस ग्रॅम कुठे बसायचे, हे सराफाला विचारा. हे सगळं त्या माणसाच्या कानात सांगून काय उपयोग? सांगण्याआधी शर्टाची बटणं लावू द्या.

काहीच सापडत नाही. साहेब पडदा सारतो. तो चिडलेला नाही, फक्त थकलेला आहे. पुढचं विमान उतरलंय. दोरा तो स्वतःहून पाकिटात ठेवतो, गाठ न सोडता.

“पुढच्या खेपेला आणशील तेव्हा आधी सांग. लपवू नको.”

“हो साहेब.”

खोका पुन्हा भरायचा. दुबईहून निघताना बसला होता तसा माल नीट बसत नाही. साड्यांना पावडर लागली आहे. कापलेली दोरी आता चार बोटं तोकडी पडते. एक हमाल सुतळी देतो, तुम्ही त्याला एक दिर्‍हम देता. तो नाणं उलटसुलट करून बघतो.

बाहेर कठड्यापलीकडे गर्दी आहे, आणि गर्दीत तुमचा मेहुणा. सकाळच्या एसटीनं गाव गाठायचं म्हणून तो रात्रभर जागा आहे. तो खोका खांद्यावर घेतो, सुतळी बघतो, कापलेली निळी दोरी बघतो.

“उघडला काय हो त्यांनी?”

“सगळाच.”

“आणि?”

“काही नाही सापडलं.”

त्याचा चेहरा खुलतो. टॅक्सीशी पोचेपर्यंत तो गप्प राहतो. मग इकडेतिकडे बघून, अगदी हळू आवाजात विचारतो,

“भावोजी, लपवलंत तरी कुठं?”