‘व्यापारी’ या एका शब्दासाठी

पोटापाण्यासाठी प्रांत सोडताना आपणांपैकी कोणास परवाना लागला नाही. अमेरिकेतील चिन्यांचे तसे नव्हते. १८८२ च्या कायद्याने तेथे चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. व्यापाऱ्यांना मात्र मोकळीक राहिली. मग व्यापारी कोण? १८९३ च्या दुरुस्तीने सांगितले : निश्चित जागी, स्वतःच्या नावाने खरेदी-विक्री करणारा आणि धंद्यास आवश्यक तेवढी सोडून अंगमेहनत न करणारा. मायदेशी जाऊन परतणाऱ्या व्यापाऱ्यास याची ग्वाही देणारे दोन विश्वसनीय बिगर-चिनी साक्षीदार लागत. (व्याख्येतील एका शब्दाचे वजन आम्हां सरकारी नोकरांस ठाऊक असते.) मजुराची पत्नीही कायद्याच्या दृष्टीने मजूरच, व्यापाऱ्यास मात्र, १९०० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने, पत्नी व अज्ञान मुले वेगळ्या दाखल्याविना आणता येऊ लागली. दुकानातील भागीदारी हाच संसाराचा आधार ठरला.

१९१५ मध्ये एका न्यायनिर्णयाने उपाहारगृहाचा मालकही व्यापाऱ्यांत गणला गेला. तेव्हा आप्तस्वकीयांनी भांडवल जमवून उपाहारगृहे थाटली. भागीदार आळीपाळीने व्यवस्थापक होत. ज्याची पाळी, त्याने त्या अवधीत बशीही उचलावयाची नाही! हा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला. पण चिन्यांसाठी वार्षिक प्रवेशसंख्या ठरली ती अवघी १०५.