गोळीबारानंतरचे गाणे

कला जखमा भरून काढते, दुभंगलेल्या समाजात सलोखा आणते, असे प्रस्थापित विचारवंत सांगतात. आमच्या उत्तनहून तास-दोन तासांवरच्या घाटकोपरचा इतिहास मात्र वेगळे बोलतो. ११ जुलै १९९७. रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण ठार झाले. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी डोक्याला निळी पट्टी बांधून गळफास घेतला. कष्टकऱ्यांचे दुःख आयुष्यभर गाणारा हा माणूस! त्याच्या गाण्याने इतरांना धीर दिला असेल, त्याला स्वतःला जगवले नाही. मग गाणे व्यर्थ का? नाही. आनंद पटवर्धन चौदा वर्षे त्या वस्तीत कॅमेरा घेऊन जात राहिले. ‘जय भीम कॉम्रेड’मुळे मेलेल्यांची नावे टिकली. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप झाली ती २००९ साली, आणि पुढे जामीनही मिळाला. न्यायाविना सलोखा मागणे म्हणजे जखमी माणसाला गप्प बसवणे होय. गुजरातच्या २००२च्या दंगलीनंतर पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. जातिधर्माच्या भिंतींविरुद्ध गाणाऱ्या त्याच मंचाच्या शीतल साठे २०१३ साली विधान भवनासमोर हजर झाल्या. त्यांना अटक झाली तेव्हा त्या गरोदर होत्या.