नाद, नमुने आणि आकडे

शिर्डीच्या बाजारपेठेत पूजासाहित्याशेजारी पूर्वी आरत्यांच्या कॅसेटी मांडलेल्या असत. पुढे सीडी आल्या आणि मग एमपी-थ्री सीडी. दोन्ही चकत्या दिसायला सारख्याच. पण एकीत पंधरा गाणी मावतात, तर दुसरीत शंभराहून अधिक. हे कसे घडते?

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, १९६३ मध्ये कॅसेट. तबकडीच्या खाचेत किंवा फितीच्या चुंबकनात ध्वनिलहरीचा आकारच उतरवलेला असे. म्हणून फितीवरून फीत काढली, की प्रत्येक वेळी खरखर वाढे.

सीडीवर लहरीचा आकार नसतो, तिची मोजमापे असतात. ताप मोजून तक्ता भरावा, तशी ठरावीक अंतराने लहरीची उंची मोजतात. असे प्रत्येक माप म्हणजे नमुना. सेकंदाला किती नमुने घ्यायचे? लहरीच्या सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक, असे नायक्विस्ट (१९२८) आणि शॅनन (१९४९) यांच्या कामातून स्पष्ट झाले. माणसाला २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येते. म्हणजे नमुने ४०,००० हून अधिक हवेत. मग ४४,१०० च का? सुरुवातीला हे आकडे व्हिडिओ फितीवर साठवत. पडद्याच्या प्रत्येक ओळीत ३ नमुने, २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा: ३ × २४५ × ६० = ४४,१००. फिलिप्स व सोनी यांनी १९८० मध्ये हाच आकडा सीडीसाठी ठरवला आणि १९८२ मध्ये सीडी बाजारात आली.

प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहितात, म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या. दोन वाहिन्या धरल्या, तर सेकंदाला ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट होतात. यालाच बिट-दर म्हणतात. १९९० च्या दशकात आलेल्या एमपी-थ्रीने तो १,२८,००० पर्यंत, म्हणजे अकराव्या हिश्श्यावर आणला. मोठ्या आवाजाआड दडणारे बारीक आवाज कानाला जाणवत नाहीत. त्यांचा तपशील ही पद्धत गाळते. पण गाळलेले परत मिळत नाही.

गाण्यांच्या संग्रहापुरते हे चालेल. जात्यावरच्या ओव्यांचे तसे नाही. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती थांबली. गी पॉइत्वाँ व हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या २०१७ पासून 'पारी' या संग्रहातून प्रसिद्ध होऊ लागल्या. अकोल्यात, पाथर्डीत किंवा आपल्या गावात ओवी गाणारी आजी असेल, तर विद्यार्थ्यांनी तिची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण जरूर करावे. मात्र मूळ प्रत न गाळलेल्या 'वेव्ह' स्वरूपात ठेवावी. एका वाहिनीच्या तासाभराला सुमारे ३१८ मेगाबाइट लागतात. वेव्हवरून एमपी-थ्री केव्हाही करता येते. एमपी-थ्रीवरून मूळ आवाज मात्र परत मिळत नाही.