1908 : एका नदीचे वर्ष

इयत्ता आठवीच्या किंवा दहावीच्या विद्यार्थ्याला 1908 साली काय घडले असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. केसरीतील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, 22 जुलैला सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली, मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि टिळकांना मंडालेला नेले. हे उत्तर बरोबर आहे. मराठी माणसाच्या इतिहासात त्या वर्षाला जे स्थान मिळाले, ते याच घटनेमुळे.

पण कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या राधानगरीत हाच प्रश्न विचारला तर उत्तर वेगळे येते. तिथे 1908 म्हणजे गावाचे जन्मवर्ष. त्या वर्षी शाहू छत्रपतींनी भोगावती नदीच्या काठी एक नवी पेठ वसवली आणि तिला आपल्या मुलीचे नाव दिले. पेठेशेजारी नदी अडवण्याचे काम हाती घेतले जात होते. त्या कामाला पूर्ण फळ येण्यास पुढे चार दशकांहून अधिक काळ लागला.

एकाच वर्षाची ही दोन उत्तरे परस्परविरोधी नाहीत. मात्र एक उत्तर पुस्तकात आहे आणि दुसरे बहुधा नाही. या लेखात दुसऱ्या उत्तराचा मागोवा घेऊ.

लग्न, पेठ आणि तलाव

शाहू महाराजांची कन्या राधाबाई, म्हणजेच आक्कासाहेब महाराज, यांचा जन्म 1894 सालचा. 1908 मध्ये त्यांचा विवाह देवास थोरली पाती या संस्थानचे अधिपती तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. नव्या पेठेला राधानगरी हे नाव मिळाले ते या लेकीवरून. शेजारच्या नियोजित जलाशयाला महाराजांनी आपल्या राणीचे नाव दिले, महाराणी लक्ष्मीबाई तलाव. 1907 ते 1909 या तीन वर्षांत योजना, पेठ आणि बांधकाम ही कामे एकापाठोपाठ एक मार्गी लागली.

यामागे केवळ कौटुंबिक हौस नव्हती. महाराजांनी 2 एप्रिल 1894 रोजी राज्यकारभार हाती घेतला. त्यानंतरच्या सहा वर्षांतच 1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ आले आणि त्यांच्या जोडीला प्लेगही आला. दुष्काळात धान्याची दुकाने उघडणे, रस्त्याची कामे काढणे, तगाई देणे हे उपाय तात्पुरते होते. 1902 मध्ये संस्थानने पाटबंधाऱ्यांचे धोरण हाती घेतले. त्याच वर्षी 26 जुलै रोजी नोकऱ्यांमध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा प्रसिद्ध आदेश निघाला. हा आदेश सर्वांना माहीत असतो, पण पाण्याचे धोरण फारसे कुणाला आठवत नाही. शेतकऱ्याच्या मुलाला कचेरीत जागा मिळावी आणि त्याच्या बापाच्या शेताला पाणी मिळावे, हे दोन्ही विचार एकाच राज्यकर्त्याच्या मनात एकाच काळी चालू होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

राजकारणात शाहू महाराज आणि टिळक परस्परविरोधी बाजूंना होते. वेदोक्त प्रकरणापासूनच त्यांच्यात अंतर पडले होते. म्हणजे 1908 मध्ये मराठी मुलखात दोन प्रवाह वाहत होते. परकी सत्तेला आव्हान देणारा प्रवाह मंडालेकडे गेला. समाजातली विषमता आणि शेतीचे दारिद्र्य यांना हात घालणारा दुसरा प्रवाह भोगावतीच्या खोऱ्यात काम करत होता. त्या वर्षाचा इतिहास पूर्ण व्हायचा तर दोन्ही सांगावे लागतात.

जागा हीच का?

कोल्हापूर जिल्ह्याचा पावसाचा नकाशा पाहिला की उत्तर मिळते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर बहुतेक पाणी सांडून टाकतात. राधानगरीच्या वरच्या अंगाला, दाजीपूरच्या जंगलात, वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेच वारे पूर्वेकडे शिरोळपर्यंत पोचतात तेव्हा त्यांत फारसे बाष्प उरलेले नसते. सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या अंतरात पाऊस कित्येक पटींनी कमी होतो.

शिवाय हा पाऊस चारच महिने पडतो. जुलैत दुथडी वाहणारी भोगावती एप्रिल-मे महिन्यांत रोडावत असे. पाऊस पडतो तिथे साठवायचा आणि लागेल तेव्हा खाली सोडायचा, एवढे साधे तत्त्व या तलावामागे आहे. अरुंद दरी, दोन्ही बाजूंना डोंगर आणि वर प्रचंड पाऊस, ही तिन्ही अनुकूलता फेजिवडे गावाजवळ एकत्र मिळाली.

या धरणाचे एक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे. खाली पाणी नेण्यासाठी इथे लांबलचक कालवे खोदलेले नाहीत. नदी हाच कालवा. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच वाहते आणि ठिकठिकाणच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमुळे अडते. या बंधाऱ्यांच्या खांबांमध्ये पावसाळा संपल्यावर बरगे बसवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढून घेतात. त्यामुळे पुराला वाट मोकळी राहते आणि गाळही साचत नाही. काठावरचे शेतकरी पंपाने पाणी उचलतात. आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना आज राज्यभर वापरली जाते.

अर्धी राहिलेली भिंत

एखादे वर्ष जन्मवर्ष ठरले म्हणून काम त्याच वर्षी होते असे नाही. सुमारे दहा वर्षे खपून 1918 पर्यंत भिंत साधारण 40 फूट उंचीपर्यंत आली आणि पैशाअभावी काम थांबले. 6 मे 1922 रोजी मुंबईत शाहू महाराजांचे निधन झाले. आपल्या तलावाची पूर्ण भिंत त्यांनी पाहिली नाही. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले, पण 1940 मध्ये त्यांचेही निधन झाले. काम पूर्ण होण्यास 1950 चे दशक उजाडावे लागले. तोवर 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते.

40 फूट भिंत म्हणजे काम बरेच झाले असे वाटेल. इथे भूमितीची मदत घेऊ. आज हे धरण पायापासून सुमारे 42 मीटर, म्हणजे 140 फूट उंच आहे. भिंत एक तृतीयांश झाली तर पाणीही एक तृतीयांश साठेल का? नाही. दरी खाली चिंचोळी आणि वर पसरट असते. नरसाळे उलटे न धरता सुलटे धरून त्यात एक तृतीयांश उंचीपर्यंत पाणी भरले, तर त्याच्या एकूण मापाच्या फक्त सत्ताविसावा भाग पाणी मावते, कारण शंकूचे घनफळ उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. खरी दरी नरसाळ्याइतकी नियमित नसते, त्यामुळे आकडा तंतोतंत असा येणार नाही. पण तत्त्व तेच. धरणाची शेवटची काही फूट उंचीच सर्वांत जास्त पाणी देते. म्हणून 1918 ची अपुरी भिंत ही 1908 च्या स्वप्नाचा फारच लहान हिस्सा होती आणि ती पूर्ण करण्याचा नंतरच्या लोकांचा निर्णय मूळ निर्णयाइतकाच मोलाचा होता.

जलाशयाची क्षमता सुमारे 8.36 टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2,832 कोटी लिटर. भरलेल्या धरणातून सेकंदाला 1,000 घनफूट पाणी सतत सोडले, तर ते किती दिवस पुरेल? 8.36 अब्जाला 1,000 ने आणि मग दिवसाच्या 86,400 सेकंदांनी भागावे. उत्तर येते सुमारे 97 दिवस. बाष्पीभवन सोडून दिले तर मार्च ते मे हे तीनही महिने नदी वाहती ठेवण्याइतके पाणी एका पावसाळ्यात साठते.

धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे हाही वर्गात सांगण्यासारखा विषय आहे. पाण्याचा दाब आणि दरवाजाला जोडलेले वजन यांचा तोल असा साधला आहे, की पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की आपोआप मिटतो. त्यासाठी कुणी बटण दाबावे लागत नाही. एका दरवाजातून सेकंदाला 1,428 घनफूट पाणी बाहेर पडते. सातही उघडले तर जवळजवळ 10,000. पंचगंगेच्या काठावरची गावे पावसाळ्यात किती दरवाजे उघडले याची बातमी का ऐकत असतात, ते 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर वेगळे सांगायला नको.

पाणी कोणासाठी?

नदी अडवली जाते ते वर्ष एखाद्या समाजाच्या आठवणीत कसे राहते, हे पाणी कोणाकडे गेले यावर बरेच अवलंबून असते. ब्रिटनमधील वेल्स या डोंगराळ, पावसाळी प्रदेशाचे उदाहरण घेऊ. 1904 मध्ये, म्हणजे राधानगरी वसण्याच्या चारच वर्षे आधी, वेल्समधील एलान खोऱ्यातील धरणांचे उद्घाटन झाले. ते पाणी शंभराहून अधिक किलोमीटर दूर, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराला गेले. खोऱ्यातील रहिवाशांना घरे सोडावी लागली आणि भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना. पुढे लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी ट्रिवेरिन खोऱ्यातील कापेल केलिन हे वेल्श भाषा बोलणारे गाव बुडवण्यात आले. 1957 मध्ये पार्लमेंटने त्याला मंजुरी दिली, तेव्हा वेल्समधील एकाही खासदाराने बाजूने मत दिले नव्हते. 1965 मध्ये तो जलाशय सुरू झाला. वेल्श लोकांच्या इतिहासात ते वर्ष आजही जखमेसारखे आहे. चाळीस वर्षांनी, 2005 मध्ये, लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली.

आपल्याकडे असे वर्ष म्हणजे 1921. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी जाणार होत्या आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला. वीज मुंबईला जाणार होती.

राधानगरीचे पाणी मात्र त्याच नदीच्या खालच्या गावांना मिळाले. भोगावतीच्या काठचा ऊस, परिते येथील साखर कारखाना आणि 1950 च्या दशकात सुरू झालेली वीजनिर्मिती, हे सारे खोऱ्यातच उभे राहिले. म्हणून 1908 हे वर्ष इथे अभिमानाने सांगितले जाते. तरीही शिक्षकाने एक प्रश्न विचारायला विसरू नये. पाणी चढले तिथल्या शिवारांचे काय झाले? कोनशिलेवर राज्यकर्त्यांची नावे असतात, जमीन सोडणाऱ्या कुटुंबांची नसतात. ती नावे सात-बारा, फेरफार आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांतच शोधावी लागतात.

नावाची पुढची कथा

ज्या लेकीचे नाव गावाला मिळाले, तिचा संसार सुखाचा झाला नाही. राधाबाई देवास सोडून कोल्हापूरला परतल्या. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये देवासच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्या दरबाराबद्दल त्यांनी लिहिलेले पुस्तक 1953 मध्ये प्रसिद्ध झाले. राधाबाईंचे पुत्र विक्रमसिंह 1947 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शहाजी छत्रपती झाले. संस्थान विलीन झाले ते त्यांच्याच काळात. 1908 च्या लग्नाचा आणि 1908 च्या धरणाचा धागा असा चाळीस वर्षांनी पुन्हा एकाच ठिकाणी आला.

प्रत्येक गावाजवळ असे एखादे वर्ष असते. विहीर, बंधारा, शाळा, पूल किंवा बाजारपेठ यांच्या दगडावर ते कोरलेले सापडते. विद्यार्थ्यांना ते वर्ष शोधायला सांगावे आणि मग तीन प्रश्न द्यावेत : हे काम कोणी ठरवले, ते पूर्ण कधी झाले आणि कोणी त्याची किंमत मोजली? या तिन्हींची उत्तरे मिळाली की सनावळीतला एक आकडा इतिहास होऊ लागतो.