काशीवास कोणी ठरवायचा?

काशीतील पंचगंगा घाटाचा परिसर ही जुनी मराठी वस्ती. शेजारच्या ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाशी अठराव्या शतकातील नारायण दीक्षित पाटणकरांचे नाव जोडलेले आहे. महाराष्ट्रातून येणारी वृद्ध माणसे या गल्ल्यांत उरलेले आयुष्य काढीत. त्यालाच काशीवास म्हणत. निर्धार अधिक पक्का असेल तो क्षेत्रसंन्यास घेई, म्हणजे पंचक्रोशीची सीमा पुन्हा ओलांडायची नाही. पुण्याचा हिशेब बाजूला ठेवला तरी यातील एक गोष्ट लक्षणीय आहे. अखेरचे दिवस कोठे आणि कोणाच्या सोबतीने काढायचे, हे माणूस हातपाय चालत असतानाच, चार लोकांदेखत सांगून ठेवीत असे.

सर्वांचेच असे नव्हते. कित्येक विधवांना घरच्यांनीच ‘काशीस ठेवले’. गावाहून येणाऱ्या तुटपुंज्या पैशांवर त्यांचे दिवस सरत. स्वेच्छेने आलेला आणि धाडलेली, दोघेही त्याच पायऱ्या उतरत आणि स्नानाचा संकल्पही तोच म्हणत. वरवर पाहणाऱ्याला फरक कळणे कठीण.

विसाव्या शतकात मरण घाटावरून आणि घरातून रुग्णालयात सरकले, तेव्हा हा फरक आणखी पुसट झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर ४२ वर्षे तेथेच खाटेवर होत्या. त्यांचे वार्धक्यही त्याच खाटेवर आले. त्यांच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने तो अधिकार त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला. निर्णय मायेचा होता, यात शंका नाही. पण अरुणांचा स्वतःचा शब्द कोणापाशीच नव्हता.

असा शब्द आधी लिहून ठेवण्याची मुभा ९ मार्च २०१८ च्या निकालाने दिली. शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत, हे ‘लिव्हिंग विल’मध्ये नोंदवता येते. त्यावर दंडाधिकाऱ्याच्या सहीची अट होती. ती इतकी जाचक ठरली की २०२३ मध्ये न्यायालयानेच ती सैल केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. तरीही हा कागद सांभाळणारा अधिकारी बहुतेक गावांत नेमलेलाच नव्हता. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी त्यासाठी उच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा कोठे महाराष्ट्र सरकारने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये असे अभिरक्षक नेमले.